भालेरावांच्या मुक्या फेऱ्या

“मिक्सर बंद करा! साळवीबाई, मिक्सर! काऊन जीव घेता जी माझा!”

सकाळचे पावणेसात वाजले होते. सी विंगच्या गच्चीच्या कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढून भालेराव ओरडत होते आणि खाली तिसऱ्या मजल्यावर साळवीबाई शांतपणे खोबऱ्याची चटणी वाटत होत्या. तशी आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत ओरडण्याला किंमत नाही. पाणी गेलं की लोक ओरडतात, पाणी आलं की त्याहून मोठ्याने ओरडतात. पण भालेराव ओरडले म्हटल्यावर चारही विंगांच्या खिडक्या उघडल्या. एक गृहस्थ तोंडात ब्रश धरून फेसासकट बाल्कनीत आले. मागच्या डोंगरावरून एक बिबट्या नाश्त्यासाठी खाली यायला निघाला होता, तो आल्या पावली परत गेला, असं पुढे महिनाभर मी सांगत होतो. बिबट्याचं सोडा. साळवीबाईंनी मिक्सर बंद केला, एवढं मात्र खरं.

मग जी शांतता झाली तिच्यात डिशच्या छत्रीवर बसून एक दयाळ गात होता. दयाळ म्हणजे बुलबुलाएवढा काळापांढरा पक्षी. शेपटी उभी करून असा बसतो की सोसायटीचा चेअरमन तोच. भालेरावांनी अ‍ॅल्युमिनियमची एक भलीमोठी कढई त्याच्या दिशेने कलती धरली होती आणि कढईच्या मधोमध चिकटपट्टीने माइक बसवला होता. दयाळ उडून गेल्यावर त्यांनी कढई खाली ठेवली, साळवीबाईंच्या दिशेने हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “माफ करा बाई. मिक्सर चालू असला की त्याला वरच्या पट्टीत गावं लागतं. आज तो त्याच्या पट्टीत होता.”

साळवीबाईंना यातलं काहीही ऐकू गेलं नसणार. भालेरावांचा नेहमीचा आवाज समोर बसलेल्या माणसापर्यंत जेमतेम पोचायचा. उपनगरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात त्यांनी तीसेक वर्षं लोकांचे कान तपासले होते. फ्रिजसारख्या जाड दाराची एक खोली, आत पेशंट, पेशंटच्या कानाला हेडफोन, हातात बटण. काचेच्या बाहेर भालेराव. ते आत एकेक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. त्या कामाने त्यांची वाणीच बदलून गेली होती. शब्द उगाच मोठा करणं म्हणजे त्यांना भाजीत मूठभर मीठ टाकल्यासारखं वाटायचं.

कॉलनीतली माणसं ते चेहऱ्याने ओळखत नसत, कानांनी ओळखत. कुणी जिन्यात भेटलं की आधी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकायचे आणि मग बोलायला लागायचे. आमच्या वॉचमनशी डावीकडून, चेअरमनशी उजवीकडून. साळवीबाईंविषयी एकदा मला हळूच म्हणाले, “त्यांना चार हजारावर खड्डा आहे.” मी ते कॉलनीभर पसरवलं आणि साळवींचा मुलगा माझ्याकडे विचारायला आला की आमच्यावर कुणाचं कर्ज आहे. मिक्सर, गिरणी, प्रेस यांच्या सततच्या आवाजाने माणसाचं ऐकणं स्वराच्या ज्या उंचीवर, चार हजार हर्ट्झच्या आसपास, आधी जातं, त्याचा आलेख काढला की तिथे खड्डा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. मरोळच्या कारखान्यांतून आलेल्या हजारो कामगारांचे असे खड्डे त्यांनी कागदावर काढले होते.

ते मूळचे वाशिमकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी संघमित्रा लग्न होऊन मुलुंडला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते पांढऱ्या शर्टात हजर असायचे आणि दोन्ही खिसे कापसाने फुगलेले असायचे. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांच्या हातात कापसाचे बोळे द्यायचे आणि म्हणायचे, “जय भीम. कान सांभाळा.” पोरं हसायची. एकाने तो बोळा नाकात घातला. भालेरावांनी त्याला दुसरा दिला.

आता माझं. मी पाटकर, सी विंगमधलाच. पाण्याची फिल्टर मशिनं विकण्यात उभा जन्म गेला, त्यात मूळचा मालवणचा, म्हणजे जिभेला दोन्हीकडून तेल. कॉलनीत माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून उरलेलं ऐकायची पद्धत आहे. मी दहा फुटी साप म्हटलं की लोक पाच धरतात, आणि माझी बायको म्हणते, “गांडूळ असतला.” मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. समोरचा निम्मं करणार हे ठाऊक असलं की माणूस दुप्पट करून सांगतो, आणि हिशेब बरोबर येतो.

भालेराव एकटे असे होते की मी सांगितलेला आकडा ते जसाच्या तसा घ्यायचे. पहिली ओळख झाली तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या सीटवर बिबट्या बसला होता. त्यांनी विचारलं, “पाहिला की वाटला?”

हा त्यांचा पेटंट प्रश्न. हॉस्पिटलात पेशंटला विचारायचे, ऐकलं की वाटलं, आणि मग सगळ्या जगालाच विचारायला लागले होते.

मी म्हटलं, पाहिला. किती वेळ? दहा मिनिटं. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं: पाटकर, पार्किंग, बिबट्या, दहा मिनिटं. खरं तर मला दोन सेकंद एक शेपटी दिसली होती, आणि ती बिबट्याची असण्याइतकीच आमच्या कॉलनीतल्या मोत्या कुत्र्याचीही असू शकत होती. पण वहीत लिहिलं गेलेलं बघून मला जे काही वाटलं ते सांगता येणार नाही. पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं पुरतं घेतलं होतं.

भालेराव जाऊन आता वर्ष होईल. चारचौघांत त्यांचा विषय निघाला की माझी जीभ सवयीने सैल सुटते आणि मग एका ठिकाणी अडखळते. म्हणून लिहून काढतोय. यातून निम्मं वजा करू नका, ते काम मी आधीच केलं आहे. बिबट्या तेवढा धरू नका.

निवृत्तीनंतर त्यांना दयाळाने धरलं. एका सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं, कंप्युटरवर दयाळाची एक शीळ ऐकवली. स्वी, एवढीच. मग तीच शीळ आठपट सावकाश करून ऐकवली. मी खुर्चीत सरळ बसलो. त्या एका स्वीच्या पोटात वर जाणं होतं, खाली येणं होतं, एक गिरकी, एक बारीक थरथर, मध्ये नखाएवढी विश्रांती. कुणीतरी पत्र घडी घालून गोळी करून फेकावं आणि आपण ती गोळीच पाहत बसावं, तसं आपलं चाललेलं असतं.

“हे त्याला ऐकू येतं,” भालेराव म्हणाले. “आपल्याला नाही.”

मी विचारलं, म्हणजे त्याचा कान आपल्यापेक्षा भारी? ते स्वयंपाकघरात गेले आणि दोन चाळण्या घेऊन आले. एकटे राहायचे, पोळ्यांचं पीठ स्वतः चाळायचे. बारीक चाळणी दाखवून म्हणाले, हिच्यातून पीठ झकास पडतं पण वेळ लागतो. दुसरी दाखवून म्हणाले, हिच्यातून भराभर पडतं पण जाडभरडं एकत्र येतं. कानाचं तसंच आहे. दोन जवळजवळचे स्वर वेगळे काढायचे तर कानाला क्षणभर थांबून आवाज गोळा करावा लागतो, आणि तेवढ्यात पुढचं बारीकसारीक निसटतं. ते निसटू द्यायचं नसेल तर स्वरांच्या नेमकेपणावर थोडं पाणी सोडावं लागतं. एकाच चाळणीत दोन्ही मिळत नाही. पाखराने वेग जास्त घेतला. त्याची किंमतही मोजली, आपल्याला ऐकू येतात त्यातले कितीतरी खालचे आणि वरचे आवाज त्याच्यासाठी नाहीतच. पुस्तकांत तर असंही लिहिलंय, ते म्हणाले, की काही पाखरांची चाळणी विणीच्या दिवसांत बदलते. जोडीदार शोधायचा तेव्हा वेगळी, एरवी वेगळी.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना त्यांचा आवाज आणखी खाली गेला. माणसाच्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या आवाजाने एकदा मेल्या की मेल्या. पाखराच्या परत उगवतात. तीस वर्षं माणसांना “आता येणार नाही” हे सांगण्यात गेलेला माणूस होता तो. त्यांचे स्वतःचे कानही चालले होते. दर वाढदिवसाला जुन्या हॉस्पिटलात जाऊन त्याच खोलीत बसून स्वतःचा आलेख काढून घ्यायचे. आठ हजारावरचे आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले होते आणि हद्द दरवर्षी खाली सरकत होती. दयाळाच्या गाण्यातली वरची टोकं आधी जाणार होती. दोनतीन मोसम उरलेत, असं ते म्हणायचे, दुधाच्या पिशव्या उरल्यात म्हणावं तसं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एकदा नोकरीच्या फिटनेससाठी एक ड्रायव्हर आला. निम्मा बहिरा, आणि बटण मात्र प्रत्येक आवाजाला बरोबर दाबत होता. भालेरावांनी मुकी फेरी टाकली. मुकी फेरी म्हणजे काहीच आवाज सोडायचा नाही, नुसतं थांबायचं. खोटं बोलणारा पेशंट तिथे हमखास बटण दाबतो. हा दाबेना. भालेराव चक्रावले. मग त्यांच्या लक्षात आलं की तो काचेतून त्यांच्या कोपराकडे बघतोय. आवाज सोडताना कोपर हलतं, मुक्या फेरीत हलत नाही. भालेरावांनी त्याला नापास केलं, बाहेर बोलावून चहा पाजला आणि कान न लागणाऱ्या कामासाठी चिठ्ठी दिली. त्या दिवसापासून ते पेशंटकडे पाठ करून बसायला लागले.

बोरिवलीला कुठल्याशा हॉलमध्ये पक्ष्यांवर भाषण होतं, तिथे एका संशोधन संस्थेतल्या प्राध्यापक मॅडम आल्या होत्या. भालेरावांनी मागच्या रांगेतून प्रश्न विचारला. माइक देऊनही बाईंना तो नीट ऐकू गेला नाही, म्हणून त्या खाली उतरून त्यांच्यापर्यंत आल्या. प्रश्न असा होता: पिंजऱ्यातल्या पाखरांना शिळेच्या पोटातला बदल कळतो, शिळांचा क्रम बदलला तर फारसं बिघडत नाही, असं म्हणतात. मोकळ्या दयाळाचंही तसंच आहे का? मॅडम म्हणाल्या, करून बघा. नीट नोंदी ठेवल्यात तर आपण दोघांच्या नावाने छापू.

दोघांच्या नावाने. ज्या माणसाला तीस वर्षं डॉक्टर लोकांनी “ए भालेराव, पुढचा पाठव” म्हटलं, त्याला हे वाक्य काय असेल. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, गच्चीच्या जिन्यात, माझ्याकडे न बघता.

प्रयोग साधा होता. दयाळाच्या गाण्याच्या दोन खोट्या आवृत्त्या भालेरावांनी केल्या. पहिलीत शिळा अस्सल, फक्त त्यांचा क्रम उलटापालटा. ऐकली की आपण लगेच म्हणतो, हे गाणं बिघडलं. दुसरीत क्रम बरोबर, पण प्रत्येक शिळेच्या पोटातली ती गिरकी उलटी फिरवलेली. आपल्याला ती अगदी मूळ गाण्यासारखी लागते. त्यांचा अंदाज असा की दयाळ आपल्या नेमकं उलट वागेल. पहिलीला आपला प्रतिस्पर्धी समजून उत्तर देईल, दुसरीकडे ढुंकून बघणार नाही. गच्चीवर स्पीकर ठेवायचा, एक आवृत्ती वाजवायची आणि पुढच्या दोन मिनिटांत दयाळ किती वेळा उत्तर देतो ते मोजायचं. रोज सहा फेऱ्या, त्याहून जास्त पाखराला छळायचं नाही.

मोजणारा मी. अट एकच, काय वाजतंय ते मला कळता कामा नये. म्हणून पाण्याच्या टाकीशी दुर्बीण घेऊन मी बसायचो, कानांवर विमानतळावरचे कामगार घालतात तसले जाड डबे. डब्यांतून गाण्यातलं काही कळायचं नाही, पण दयाळ गायला की त्याची चोच उघडते, गळा फुगतो, शेपटी पडते, ते दुर्बिणीतून दिसायचं. पाखराने उत्तर दिलं की बोटातला काउंटर दाबायचा आणि फेरी संपली की आकडा वहीत लिहायचा. काउंटर माझ्या बायकोचा, जपाचा. “देवाचो काउंटर पाखरांक कित्याक?” म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. भालेराव दहा पावलांवर, लॅपटॉपसमोर, माझ्याकडे पाठ करून; फेरी सुरू झाली आणि संपली की पाठमोरेच हात वर करायचे. ड्रायव्हरकडून शिकलेला धडा. वही मोसम संपेपर्यंत उघडायची नाही असंही त्यांनी ठरवलं होतं. मी कधी म्हटलं की आज दयाळसाहेब लय बोलले, तर कानावर हात ठेवायचे. “मला सांगू नका. वहीत लिहा.”

पहिला आठवडा मी इमानदारीने मोजलं. आता दयाळ हा काही सरकारी नोकर नाही. कधी पाचदा बोलायचा, कधी एकदाही नाही, कधी मध्येच किडा पकडायला निघून जायचा. रोज पाऊण तास बहिरा होऊन एका पाखराकडे बघत बसणं म्हणजे माझ्यासारख्याला जन्मठेप. बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी भालेरावांच्या पाठीकडे बघायला लागलो.

आणि पाठ बोलत होती. बत्तीस वर्षं मशिनं विकलेला माणूस आहे मी, गिऱ्हाईक दार उघडतं तेव्हाच घेणार की नाही ते मला कळतं. काही फेऱ्यांत भालेरावांचे खांदे सैल असायचे, पायाची चप्पल हलायची. काही फेऱ्यांत खांदे कानांना टेकायला जायचे, मान आत, श्वास धरलेला. तिसऱ्या दिवशी मला उलगडलं. खांदे वर म्हणजे दुसरी आवृत्ती. पाखरा, गप्प बस, गप्प बस, असं ती पाठ मनातल्या मनात म्हणत असायची.

दुसऱ्या आठवड्यात एका अशा फेरीला दयाळ चारदा बोलला. मी त्या आवळलेल्या खांद्यांकडे पाहिलं आणि वहीत दोन लिहिलं.

एवढंच. मला त्यात पाप वाटलं नाही. साताचे पाच, पाचाचे आठ हे मी लहानपणापासून करत आलोय. पुढच्या सैल फेरीत तीनचे पाच केले. कधी खरोखरच सात आले तर सात लिहिले आणि खूश झालो, बघा, पाखरूही आमच्या बाजूने आहे. एकदा डुलकी लागली, जागा झालो तर फेरी संपत आलेली, पाठ सैल होती, सहा लिहिले. गोष्ट रंगत गेली. माझ्या बायकोने विचारलं, रोज जाता, मोजता तरी नीट ना? मी म्हटलं, मोजतो म्हणजे काय, गळ्याचं एकेक पीस मोजतो. ती म्हणाली, “जिभेक हाड नाय तुमच्या, निदान हाताक तरी असूंदे.”

मे महिना संपला. भालेरावांनी वही उघडली. संध्याकाळी माझ्या दारात उभे, हातात पेढ्यांचा पुडा. आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. “पाटकर, निघालं. दोन आवृत्त्यांच्या बेरजांत जमीनअस्मानाचा फरक आहे.” माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता, माझ्या कानांवर डबे बसवताना सोडून. मी पेढा खाल्ला. गोड होता.

मॅडम आल्या त्या एका रविवारी सकाळी. भालेरावांनी पोहे केले होते, मलाही बोलावलं, “नोंदी यांच्या” म्हणून ओळख करून दिली. मॅडम बोलायला साध्या, हसतमुख. पोह्यांची बशी बाजूला ठेवून त्यांनी तक्ता उघडला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, या तिसऱ्या प्रकारच्या फेऱ्या आहेत ना, ज्यांत तुम्ही काहीच वाजवलं नाहीत, यांत पाखराने सगळ्यात जास्त उत्तरं दिली आहेत. ती कशाला दिली असतील?

मुक्या फेऱ्या. दर सकाळच्या सहांत एक. जुन्या सवयीने त्यांनी त्या टाकल्या होत्या आणि मला सांगितल्या नव्हत्या, सांगायच्या नसतातच. त्या फेऱ्यांत त्यांना कसलीच आशा नव्हती, भीती नव्हती, म्हणून पाठ एकदम सैल. आणि सैल पाठ दिसली की मी सढळ हाताने आकडे लिहीत होतो.

तीस वर्षं ज्या माणसाने मुक्या फेऱ्यांकडे सगळ्यात आधी पाहिलं, त्याने या वेळी त्यांची बेरीजसुद्धा केली नव्हती. आत कोण बसलाय हे त्याला माहीत होतं, म्हणून.

भालेरावांनी तक्ता जवळ ओढला. बोट एकेका आकड्यावरून खाली गेलं. मी त्यांच्या समोर बसलो होतो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ते वर बघतील आणि विचारतील, पाहिलं की वाटलं, याची मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मॅडमना म्हणाले, “माझी चूक. फायलींची नावं उलटसुलट झाली असतील. वय झालं.”

मॅडम म्हणाल्या, तसं असेल तर हे वापरता येणार नाही हो. अगदी हळू म्हणाल्या. पुन्हा करू या म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात ते नव्हतं, आणि आवाज ओळखण्याच्या बाबतीत भालेरावांना कोण फसवणार. त्यांनी मॅडमना आणखी पोहे वाढले.

सगळ्या कॉलनीत ज्याचं तोंड बंद होत नाही तो मी, त्या पाऊण तासात एक शब्द बोललो. “लिंबू?” असं मॅडमनी विचारलं तेव्हा “नको” म्हणालो.

पुढच्या मोसमात भालेराव गच्चीवर आले नाहीत. दयाळ यायचा, डिशच्या छत्रीवर बसून गायचा. साळवीबाई मिक्सर लावण्याआधी खिडकीतून वर बघायच्या आणि मग लावायच्या. जिन्यात भेटले की भालेराव माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकून चौकशी करायचे, पहिल्यासारखीच. तेच मला सोसवेना. मी जिना सोडला, लिफ्टने जायला लागलो. एकाने मला विचारलं, तुझ्या त्या पाखरावाल्या मित्राचं काय झालं, तर मी चहाच्या टपरीवर अशी झकास गोष्ट रचली की परदेशातून त्यांना बोलावणं आलंय. लोकांनी निम्मं केलं आणि पुण्याहून आलंय असं धरलं.

मग संघमित्रा त्यांना मुलुंडला घेऊन गेली. चालताना तोल जायला लागला होता. टेम्पोत सामान चढवलं तेव्हा ती मोठी कढई त्यांनी साळवीबाईंना दिली.

बायकोला मी सगळं त्यानंतर सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळी निवडून संपवली. मग म्हणाली, “जावन सांगा त्यांका. आणि वाढवून सांगू नको.” अहो-जाहो सोडून तिने मला अरे-तुरे केलं ते लग्नानंतर तिसऱ्यांदा.

दिंडोशीहून जोडरस्त्याने मुलुंडला बस जाते. मी गेलो. दुपारची वेळ, संघमित्राने चहा केला आणि आम्हाला गॅलरीत बसवून आत गेली. समोर चाफा, त्याच्यापलीकडे नव्या टॉवरचं काम चाललेलं. भालेराव वाळले होते. मला म्हणाले, डावीकडे बसा, उजवा आता कामाचा नाही.

मी डावीकडे बसून सांगितलं. पाठीचं सांगितलं, खांद्यांचं सांगितलं, चाराचे दोन केले ते, डुलकीचं, पेढ्याचं. काही वाढवलं नाही. मला वाटलं होतं बराच वेळ लागेल. चहा निवायच्या आत संपलं. आयुष्यातली माझी सगळ्यात छोटी गोष्ट.

ते रागावले नाहीत. मला माहीत होतं, असंही म्हणाले नाहीत. काठी टेकत आत गेले आणि ती वही घेऊन आले. माझ्या मांडीवर उघडून ठेवली, हातात पेन्सिल दिली.

“खऱ्या फेऱ्यांवर खुणा करा,” म्हणाले. “पहिला आठवडा तरी खरा असेल.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. आशा होती. दीड वर्ष त्यांनी ती वही एवढ्यासाठीच सांभाळली होती, की कधीतरी मी येईन आणि सांगेन, हे माझं, हे पाखराचं. उरेल तेवढं घेऊन ते मॅडमना लिहिणार होते. पुन्हा गच्चीवर चढणं आता व्हायचं नव्हतं, आणि वरच्या शिळा त्यांच्यापुरत्या संपल्या होत्या. जे काही होतं ते त्या वहीत होतं.

मी पानं उलटली. सगळं माझंच अक्षर. सात, दोन, आठ, एक, सहा. पहिल्या आठवड्यावर पेन्सिल टेकवली आणि थांबलो. दुसऱ्या दिवशीचे पाच खरंच पाच होते? की चार होते आणि हात सवयीने पुढे गेला होता? मी डोळे मिटून बघितलं. डोळ्यांसमोर दयाळ गात होता, पण तो किती वेळा गातोय हे मी ठरवत होतो. वही पुढे, मागे. एका पानावर शून्य होतं. त्या सकाळी पाखरं मारणारा शिकरा आला होता आणि दयाळ झुडपात शिरून बसला होता, ते मला स्वच्छ आठवलं. मी त्या शून्यावर खूण केली.

मग पेन्सिल वहीच्या घडीत ठेवली. समोरच्या टॉवरवर लोखंड कापायला सुरुवात झाली. भालेरावांनी वही माझ्या मांडीवरून उचलली आणि एकेक पान बघत शेवटपर्यंत गेले.

“एकच?”

“बाकीच्या सांगता येत नाहीत,” मी म्हटलं.

“एका फेरीने काही होत नाही,” ते म्हणाले. “सगळ्याच टाकाव्या लागतील.”